दुसऱ्याने सुरू केलेले प्रेषितकार्य पुढे चालवताना

वास्को परिसरात राहणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे आईवडील अहमदनगर जिल्ह्यातून कामाच्या शोधात मुरगाव तालुक्यात आले. घरची भाषा मराठी आणि धर्म कॅथलिक. बंदरावर आणि बांधकामांवर पोट भरणाऱ्या अशाच मराठी कुटुंबांसाठी एका वयस्क कॅटेकिस्टांनी, म्हणजे धर्मशिक्षकांनी, वर्षानुवर्षे रविवार दुपारची मराठी प्रार्थना, मुलांचे धर्मशिक्षण आणि आजाऱ्यांच्या भेटी असे काम चालवले. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. गेल्या आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, गुरुजी वारले. कुटुंबांच्या नोंदींची त्यांची वही त्यांच्या मुलाने या ताईंच्या हातात आणून दिली, आणि तेव्हापासून आता कोण येणार असे घरोघर विचारले जाऊ लागले. ताईंना चार गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. मनात उठते आहे ते पाचारण, म्हणजे देवाचे बोलावणे, आहे की शोक? नोकरी आणि संसार सांभाळून त्याला उत्तर कसे द्यावे? गुरुजींसारखे जमणार नसेल तर हात घालावा का? आणि कोकणीत प्रार्थना करणाऱ्या गोव्यातल्या ख्रिस्तसभेत मराठीतले हे काम पुढे नेण्यात काही अर्थ आहे का?

मी धर्मगुरू आहे आणि माझ्या सेवेची बरीच वर्षे प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेल्या श्रद्धावंतांना, आध्यात्मिक सोबत करण्यात आणि कॅटेकिस्टांना तयार करण्यात गेली. त्या अनुभवावरून एक गोष्ट मला ठाम वाटते आणि पुढचे सगळे उत्तर तिच्यावर उभे आहे. शिष्यपणाचे पाचारण बहुतेक वेळा कोणाच्या तरी अपुऱ्या राहिलेल्या कामाच्या रूपाने येते. आकाशातून आवाज येईल, एखादे नवे, आपल्या नावाचे कार्य दिसेल, अशी वाट पाहणारी पुष्कळ भली माणसे वाट पाहतच म्हातारी होतात, आणि शेजारी रिकामी पडलेली खुर्ची त्यांना दिसत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो की ज्यासाठी तुम्ही श्रम केले नाहीत ते कापायला मी तुम्हांला पाठवले. श्रम दुसऱ्यांनी केले आणि तुम्ही त्यांच्या श्रमांत वाटेकरी झालात. हे वाक्य मला शिष्यत्वाच्या व्याख्येइतके महत्त्वाचे वाटते. पौलाने करिंथकरांना लिहिताना तेच सांगितले आहे: मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, वाढ देवाने दिली.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण तर आपल्या दारात आहे. ज्यांना गोव्यात ‘गोंयचो सायब’ म्हणतात आणि ३ डिसेंबरला ज्यांच्या फेस्तासाठी जुने गोवे माणसांनी भरून जाते, ते संत फ्रान्सिस झेवियर भारतात येणार असे मुळात ठरलेलेच नव्हते. पोर्तुगालच्या राजाच्या विनंतीवरून येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी सिमाव रॉड्रिग्स आणि निकोलस बोबादिल्या या दोघांना नेमले होते. बोबादिल्या ऐन वेळी आजारी पडले, आणि मार्च १५४० मध्ये जेमतेम एका दिवसाच्या सूचनेवर झेवियर त्यांच्या जागी रोमहून निघाले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. आजारी माणसाच्या बदली गेलेल्या त्या माणसाचे पाचारण दुय्यम होते असे कोणी म्हणणार नाही. त्यामुळे ‘मला देवाने बोलावले, की गुरुजी गेले म्हणून जागा रिकामी झाली एवढेच?’ हा तुमचा प्रश्न मी थोडा बदलून मांडेन: रिकाम्या जागेतूनच देव बोलावत असेल तर ते तुम्ही ओळखाल कसे?

आता शोकाविषयी. गुरुजींना जाऊन फार काळ झालेला नाही, आणि शोकात माणूस पुष्कळ वचने देतो. त्यातली काही मेलेल्याला दिलेली असतात, देवाला दिलेली नसतात. संत इग्नेशियस यांचा एक नियम इथे फार उपयोगी पडतो: मन कोरडे आणि अंधारलेले असते त्या काळात आधी केलेला निर्णय बदलू नये. या नियमाची दुसरी बाजूही त्यांनी सांगितली आहे. मन भरून आलेले असते तेव्हाही उतावीळपणे मोठी प्रतिज्ञा करू नये. म्हणून आजच ‘होय’ किंवा ‘नाही’ असे कायमचे काही ठरवू नका. मात्र थांबणे म्हणजे हात बांधून बसणे असेही समजू नका. कामाचा जो भाग थांबला तर कोणाचे तरी नुकसान होईल तेवढा चालू ठेवा. अंथरुणाला खिळलेल्यांच्या भेटी, या वर्षी प्रथम ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, स्वीकारणाऱ्या मुलांची तयारी आणि महिन्यातून दोनदा रविवारची प्रार्थना एवढे पुरे. बाकीचे ईस्टरपर्यंत थांबू द्या. इतक्या दिवसांत मनातली ओढ कुठल्या दिशेने जाते याचे निरीक्षण करता येते.

ते निरीक्षण कशाचे करायचे, हे सांगतो. शोकाची ओढ आठवणींकडे जाते. गुरुजी इथे बसत, असे म्हणत, हे गाणे त्यांना आवडे, असेच मनात येत राहते, आणि महिने गेले की ती ओढ हळूहळू ओसरते. पाचारणाची ओढ माणसांकडे जाते. अमक्या घरातल्या बाईचे डायलिसिस कसे चालले असेल, तमका मुलगा शाळा सोडणार तर नाही ना, हे विचार तुम्हांला वर्गात शिकवतानाही येऊ लागले आणि ते त्रासदायक न वाटता तुम्हांला कामाला लावणारे वाटले, तर ती खूण लक्षात ठेवा. दुसरी खूण मी जास्त विश्वासार्ह मानतो. कामातला कंटाळवाणा भाग तुम्हांला चालतो का ते पाहा. रविवारची प्रार्थना चालवणे गोड असते, सगळे मान देतात. पण चिखलीच्या इस्पितळात केसपेपरच्या रांगेत एखाद्या मजुराबरोबर उभे राहणे, तिथून त्याला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवले तर त्याच्या बायकोला बस कुठली ते सांगणे, कागदपत्रे नसलेल्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी त्याच्या मूळ धर्मग्रामाला (पॅरिशला) पत्र लिहिणे आणि उत्तर आले नाही तर पुन्हा लिहिणे, यात कोणी पाहत नसते. हे केल्यावर संध्याकाळी दमलेल्या अंगानेही मन शांत असेल, तर ती शांती सहसा आपण स्वतः तयार केलेली नसते. उलट प्रत्येक भेटीनंतर चिडचिड, इतरांविषयी कडवटपणा आणि ‘मीच का’ हा सूर वाढत गेला, तर देव तुम्हांला दुसरीकडे बोलावत असण्याची शक्यता खुल्या मनाने धरा. त्यात अपराध नाही.

संसार आणि नोकरी यांच्याविषयी तुम्ही जवळजवळ क्षमा मागितल्यासारखे लिहिले आहे, आणि ते मला खटकले. समुद्रकाठी चार कोळी जाळी सोडून येशूमागे गेले ती गोष्ट आपण इतक्यांदा ऐकतो की सोडून जाणे हेच शिष्यत्वाचे एकमेव रूप वाटू लागते. त्याच मार्कच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात गरसेकरांच्या प्रदेशातला बरा झालेला माणूस, येशू होडीत चढत असताना, मला तुझ्याबरोबर येऊ दे, अशी विनवणी करतो, आणि येशू त्याला येऊ देत नाही. घरी जा, आपल्या माणसांना सांग, म्हणतो. त्या माणसाचे पाचारण घरी परतण्याचे होते, आणि मार्क सांगतो की तो दकापलीसभर सांगत फिरला. विवाह हा तुमचा पहिला शब्द आहे. शाळेतली मुले ही तुमची आधीपासूनची सेवा आहे. नवे काम या दोन्हींना पोखरून उभे राहणार असेल तर ते टिकणार नाही, आणि खरे सांगायचे तर ते टिकूही नये.

म्हणून लूकच्या चौदाव्या अध्यायातला बुरूज बांधणारा माणूस आठवा, जो आधी बसून खर्चाचा हिशोब करतो. तुमच्या बाबतीत हिशोब तासांचा आहे. नवऱ्याबरोबर बसा, एकट्याने ठरवून नंतर त्यांना कळवू नका. आठवड्यातले किती तास, कोणती संध्याकाळ, मुलांच्या परीक्षेच्या काळात काय, पावसाळ्यात काय, हे कागदावर लिहा. त्यांचा पाठिंबा ‘अर्धवट’ असल्याचे तुम्ही लिहिले आहे. माझ्या पाहण्यात असा अर्धवट पाठिंबा बहुधा कामाला नसलेल्या सीमेमुळे असतो. सीमा दिसली की तो पुष्कळदा पूर्ण होतो. गुरुजी विधुर होते, निवृत्त होते, रात्री दहालाही कोणाच्या दारात उभे राहू शकत होते. तुम्ही तसे करू शकणार नाही, आणि करण्याचा प्रयत्नही करू नका.

यातूनच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि मला वाटते तुमच्या सगळ्या पत्राचे मूळ तिथे आहे: गुरुजींसारखे जमणार नसेल तर काय? राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एलीया वर घेतला जातो आणि त्याचा झगा खाली पडतो. अलीशा तो उचलतो. त्याने मागितले होते ते एलीयाच्या आत्म्याचा दुप्पट वाटा. एलीयाची नक्कल त्याने मागितली नव्हती. पुढे अलीशाचे आयुष्य पाहा. एलीया वाळवंटात एकटा, राजांशी टक्कर घेणारा. अलीशा माणसांच्या घरांत, विधवेच्या तेलाच्या भांड्याशी, शूनेमच्या बाईच्या माडीवरल्या खोलीत वावरणारा. देव तोच, काम तेच, आणि माणूस मात्र पूर्ण वेगळा. कुटुंबे काही महिने तुलना करतील. ‘गुरुजी असे करत नसत’ हे वाक्य तुम्हांला ऐकावे लागेल. त्यावर वाद घालू नका, ‘हो, त्यांची पद्धत वेगळी होती’ एवढे म्हणून पुढे जा.

तुमच्या आईवडिलांच्या जिल्ह्याशी जोडलेले आणखी एक उदाहरण मला इथे सांगावेसे वाटते. ते आपल्या कॅथलिक परंपरेबाहेरचे आहे, पण मराठी ख्रिस्ती माणसाने ते स्वतःचे मानावे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे मन त्याच्या पूर्ण विरोधात होते. त्या काही वर्षांनी, स्वतःच्या वाटेने, ख्रिस्ताकडे आल्या. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे दीर्घकाव्य सुरुवातीच्या थोड्या अध्यायांवरच थांबले होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळेचे रीतसर शिक्षण मिळाले नव्हते, आणि आज त्यातला बहुतेक भाग त्यांच्या लेखणीचा आहे. महाकवी म्हणून गाजलेल्या नवऱ्याची ओवी आपल्याला जमेल का, हा प्रश्न त्यांना पडला नसेल असे मला वाटत नाही. त्यांनी आपल्या ओवीत लिहिले. काम पूर्ण झाले.

याच टिळकांच्या आयुष्यात एक दुसरी गोष्टही आहे, आणि ती मी कॅटेकिस्टांना नेहमी सांगतो. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसंघ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, त्याचे रूप पूर्ण देशी असावे, ही त्यांची तळमळ होती. दोनच वर्षांत ते गेले. कल्पना मोठी होती, पण ती वाहून नेणारी माणसे तयार होण्याएवढा अवकाश तिला मिळाला नाही, आणि ती त्यांच्यामागे तशी टिकली नाही. त्यांची गाणी मात्र आजही उपासनेत गायली जातात, कारण ती असंख्य लोकांच्या तोंडी बसली होती. जे काम एका माणसाच्या अंगात राहते ते त्याच्याबरोबर जाते.

आता ज्या कामाने मृत्यूवर मात केली त्याचे उदाहरण पाहू, आणि ते गोव्याचेच आहे. संत जोसेफ वाझ यांचा जन्म १६५१ मध्ये बाणावलीला झाला. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती आणि तिथले श्रद्धावंत तीसेक वर्षे धर्मगुरूवाचून दिवस काढत होते, हे कळल्यापासून वाझ यांचे मन तिकडे लागले होते. पण १६८१ मध्ये वरिष्ठांनी त्यांना पाठवले कानडा प्रांतात, जिथे धर्मक्षेत्रावरील अधिकाराचे भांडण चालू होते. ते गेले, तीन वर्षे राबले, परत आले. मनाला ओढ एकीकडची आणि आज्ञा दुसरीकडची, हा अनुभव तुम्हांलाही येईल. जुन्या गोव्यातल्या ओरेटरी या एकत्र राहणाऱ्या धर्मगुरूंच्या संघातल्या गोवेकर धर्मगुरूंना एक व्यवस्थित रूप देऊन, जॉन नावाच्या एका सेवक-सोबत्यासह, मजुराच्या वेशात ते १६८७ मध्ये जाफन्याला पोहोचले. आजारी पडले, लपून राहिले. पुढे गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भीक मागत फिरले, म्हणजे ज्यांना ती खूण ओळखता येईल ते कॅथलिक स्वतःहून पुढे येतील. १६९२ मध्ये कँडीत त्यांना पोर्तुगिजांचा हेर समजून कैदेत टाकले गेले. १६९७ मध्ये त्याच कँडीत देवीची साथ आली तेव्हा टाकून दिलेल्या रोग्यांची, ते कोणत्या धर्माचे आहेत हे न पाहता, सेवा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने केली.

संतपण या सगळ्यात आहेच. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. पण प्रेषितकार्य चालवणाऱ्याने त्यांच्या चरित्रातला कमी सांगितला जाणारा भाग बारकाईने वाचावा. वाझ यांनी तमिळ आणि सिंहली शिकून घेतल्या. वस्तीवस्तीत त्यांनी प्रार्थना चालवणारी, मुलांना शिकवणारी, मरणाऱ्याजवळ बसणारी प्रापंचिक माणसे नेमली, कारण धर्मगुरू वर्षातून एकदा आला तरी श्रद्धा वर्षभर जगायची असते. गोव्याला पत्रे पाठवून त्यांनी सतत सोबती मागितले, आणि ते आले तेव्हा त्यांच्यावर भार टाकला. १७०५ मध्ये दिवाडी बेटाचे फादर जाकोम गोन्साल्विस तिथे पोहोचले, आणि त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत इतके लेखन केले की वाझ ज्या कामाला पायी फिरून उभे करत होते त्याला वाचता-गाता येणारे शब्द मिळाले. १६ जानेवारी १७११ रोजी वाझ कँडीत वारले. काम थांबले नाही. गोन्साल्विस १७४२ पर्यंत जगले. त्यांच्यानंतरही थांबले नाही. पुढे १८३४ मध्ये पोर्तुगालने पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले आणि गोव्याची ओरेटरीच संपली. ज्या संस्थेने ते मिशन उभे केले ती गेली तरी श्रीलंकेतली ख्रिस्तसभा उभी राहिली. माझ्या मते कुठल्याही प्रेषितकार्याची ही खरी कसोटी आहे.

तुमच्यासाठी याचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. पहिल्या महिन्यापासून दुसरे माणूस बरोबर घ्या. येशूने बहात्तर शिष्यांना दोघादोघांनी पाठवले. पौलाने तीमथ्याला लिहिले की माझ्याकडून ऐकलेले विश्वासू माणसांना सोपव, जी इतरांनाही शिकवतील. म्हणजे एका वाक्यात चार पिढ्या झाल्या. गुरुजींनी सगळे स्वतः केले, प्रेमाने केले, आणि त्यांच्यामागे एक वही उरली. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी हे म्हणतो: तुमच्यामागे वहीबरोबर तीन-चार माणसेही उरली पाहिजेत. वस्तीतलीच एखादी आई, नुकतेच दृढीकरण झालेली एखादी मुलगी, कामावरून लवकर सुटणारा एखादा क्रेनचालक, असे कोणी शोधा. त्यांना सुरुवातीला फक्त बरोबर न्या. मग प्रार्थनेतले एक वाचन द्या. मग एक घर त्यांच्याकडे सोपवा आणि त्या घरी तुम्ही जाऊ नका.

त्या वहीविषयी दोन शब्द. गुरुजींनी त्यात काय लिहिले आहे मला माहीत नाही, पण इतक्या वर्षांच्या नोंदींत दारू, मारहाण, कर्ज, मोडलेली लग्ने यांच्या गोष्टी असणारच. त्या त्यांना विश्वासाने सांगितल्या गेल्या होत्या, तुम्हांला नव्हत्या. नावे, पत्ते, संस्कारांच्या तारखा, आजार आणि मदतीच्या गरजा वेगळ्या कागदावर उतरवून घ्या, बाकीचे वाचू नका आणि मूळ वही गुरुजींच्या मुलाशी बोलून धर्मग्रामाच्या फादरांकडे बंद ठेवा. ज्याला पुन्हा सांगायचे असेल तो तुम्हांला स्वतः सांगेल.

फादरांचे नाव आलेच आहे, तर त्यांच्याकडे जायला उशीर करू नका. प्रेषितकार्य उचलून घ्यायचे नसते, पाठवले जायचे असते. प्रेषितांच्या कृत्यांत अंत्युखियाची मंडळी उपवास आणि प्रार्थना करून बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्यावर हात ठेवते आणि मग ते निघतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले आहे की प्रापंचिकांना प्रेषितकार्याचा अधिकार बाप्तिस्मा आणि दृढीकरण या संस्कारांतूनच मिळतो, म्हणून तुम्ही कोणाच्या मेहेरबानीवर उभ्या नाही. तरीही फादरांशी बांधलेले असणे तुमच्या आणि कुटुंबांच्या रक्षणासाठी आवश्यक आहे. १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिस्टची सेवा ही ख्रिस्तसभेतली स्थापित प्रापंचिक सेवा म्हणून मान्य केली. आपल्या धर्मप्रांतात कॅटेकिस्टांच्या प्रशिक्षणाची सध्या काय सोय आहे हे फादरांना विचारा आणि ते घ्या, शिक्षिका असलात तरी घ्या.

काही गोष्टी मी अटी म्हणूनच सांगेन. मुलांचा वर्ग कधीही एकट्या मोठ्या माणसाने, बंद दाराआड घेऊ नये. दोन मोठी माणसे, उघडे दार आणि पालकांची संमती हवीच. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, ते ‘आपसांत मिटवण्याचे’ प्रकरण नाही. पैसे स्वतःच्या पिशवीतून देऊ-घेऊ नका. मदत लागली तर धर्मग्रामातल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीमार्फत किंवा कारितास या ख्रिस्तसभेच्या मदतसंस्थेमार्फत मिळवा आणि नोंद ठेवा. गरिबाला मदत करणारा माणूस हळूहळू त्याचा मालक होऊ लागतो आणि दोघांच्याही ते लक्षात येत नाही, म्हणून हे सांगावे लागते.

वस्तीत हिंदू कुटुंबे शेजारी आहेत आणि त्यांची मुलेही प्रार्थनेला येऊन बसतात, असे तुम्ही जाताजाता लिहिले आहे. याबद्दल मला काळजीपूर्वक बोलावे लागेल, कारण आपण गोव्यात आहोत. या भूमीवर १५६० ते १८१२ या काळात इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्तसभेचे धर्मन्यायालय, होते, आणि ख्रिस्ताच्या नावाने माणसांच्या श्रद्धेवर बळजबरी झाली. ती आठवण आपल्या शेजाऱ्यांच्या घरांत आहे आणि तिने आपल्याला नम्र ठेवले पाहिजे. श्रीमंत तरुणावर येशूने प्रेम केले, पण तो खिन्न होऊन निघून गेला तेव्हा त्याच्या मागे धावून त्याला ओढून आणले नाही. त्या मुलांच्या आईवडिलांशी बोला, त्यांची मुले कुठे बसतात आणि काय ऐकतात हे त्यांना माहीत असू द्या, आणि खाऊ, वह्या, औषध यांतले काहीही प्रार्थनेला येण्याशी कधीच जोडू नका. इस्पितळातली मदत त्यांनाही तितकीच द्या.

राहिला भाषेचा प्रश्न. त्याला मी जास्त वेळ देणार नाही, कारण उत्तर सोपे आहे. सासष्टीत १६१६ मध्ये रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापले गेले. म्हणजे गोव्यात ख्रिस्ताची कथा मराठीत सांगणे ही चारशे वर्षांची गोष्ट आहे. ज्या भाषेत माणूस रडतो त्या भाषेत त्याला प्रार्थना करता आली पाहिजे, म्हणून रविवार दुपारची मराठी प्रार्थना चालू ठेवा. पण ती बेट होऊ देऊ नका. मुले इथेच वाढणार आहेत. त्यांना धर्मग्रामाच्या कोकणी मिस्साला न्या, कोकणी गीते शिकवा, फेस्ताच्या तयारीत आणि लहान ख्रिस्ती समुदायाच्या बैठकींत त्यांच्या आयांना बसवा. पहिल्या पिढीला मराठी हवी आणि दुसरीला दोन्ही, हे ओळखून काम आखले तर धर्मग्रामही त्यांना परके मानणार नाही.

तुमच्या स्वतःच्या आतल्या जीवनाविषयी तुम्ही काहीच विचारले नाही, तरी सांगतो. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात बारा शिष्यांना नेमण्याचे दोन हेतू आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे: त्यांनी त्याच्याबरोबर असावे, आणि त्याने त्यांना पाठवावे. बरोबर असणे आधी आहे. रविवारी सगळ्यांची प्रार्थना चालवणाऱ्या माणसाची स्वतःची प्रार्थना सर्वांत आधी सुकते, आणि बाहेरून ते बराच काळ दिसत नाही. शाळेत जाण्यापूर्वीची पंधरा मिनिटे शुभवर्तमानाबरोबर मौनात बसण्यासाठी ठेवा, महिन्यातून एकदा आध्यात्मिक सोबत देणाऱ्या माणसाला भेटा, आणि वर्षातून किमान एक वीकेंड या सगळ्यातून बाहेर काढून साधनेला जा. कामात कोरडे दिवस येतील. ते आले म्हणजे पाचारण चुकले असे ठरवू नका; वर सांगितलेला नियम त्या दिवसांसाठीच आहे.

आणि आता कुटुंबांना काय सांगायचे. ‘गुरुजींच्या जागी आता मी’ असे सांगू नका. नवऱ्याशी आणि फादरांशी बोलणे झाल्यावर, ज्या सोबतीला तुम्ही निवडाल तिला बरोबर घेऊन घरोघर जा आणि सांगा की ईस्टरपर्यंत आम्ही दोघी आजाऱ्यांकडे येऊ आणि मुलांना ख्रिस्तशरीरासाठी तयार करू. रविवारची प्रार्थना महिन्यातून दोनदा होईल. पुढचे फादरांशी बोलून ईस्टरनंतर ठरेल. फोन नंबर दोघींचे द्या. ईस्टरनंतर एक वर्षाची जबाबदारी फादरांकडून लेखी घ्या आणि वर्ष संपल्यावर पुन्हा बसून पाहा. त्या वेळी ‘नाही’ म्हणायचे झाले तर काम कोणाकडे जाईल, हे मात्र आजच फादरांना विचारून ठेवा.